मालक इथे राहत नाहीत

शहापुरात नाथ पै चौकातून आत वळलं की एका बोळाच्या टोकाला दुमजली घर आहे. वर मंगलोरी कौलं, आत लाकडी जिना, मागं आड, आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्चीत मालक. त्यांना नाव आहे, पण ते मतदारयादीत आणि हेस्कॉमच्या वीजबिलावर सापडतं. एरवी दूधवाला, पोस्टमन, गणपतीची वर्गणी मागायला येणारी पोरं, सगळ्यांचे ते 'मालक'. त्यांची बायकोही शेजारणीला 'मालक झोपलेत' म्हणते. ती ते नवरा म्हणून म्हणते, ते घरमालक म्हणून ऐकतात, आणि संसार पन्नास वर्षं या गैरसमजावर नीट चाललाय.

तरुणपणी ते साड्यांच्या दुकानात हिशेब लिहीत. पण ती नोकरी झाली. घरात चार बिऱ्हाडं ठेवणं हा त्यांचा धंदाही नव्हे, स्वभाव आहे. जगाकडे ते त्याच खुर्चीतून बघतात. इतिहास काढला तरी तो भाडेपावतीच्या अंगानं निघतो. "आजोबांनी हे घर बांधलं तेव्हा शहापूर सांगलीकरांच्या संस्थानात. बाप मुंबई राज्यात. मी छप्पन साली म्हैसूर राज्यात गेलो, त्र्याहत्तरला कर्नाटकात आलो, आणि २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालो. आणि बघा, घराची एक वीट हलली नाही! वरचा मालक बदलला की खालच्याला कोण विचारतंय ओ?" एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीत ते दंडाला काळी फीत बांधून नेमानं जात. मात्र दुपारच्या आत परत, कारण सुट्टीचा दिवस, कुणीतरी खोली बघायला यायचं.

खोली बघायला येणं हा तेव्हा खरं तर खोलीनं माणूस बघण्याचा कार्यक्रम असे. बेळगावात बदलून आलेला बँकेतला कारकून, सांबऱ्याच्या विमानदलाच्या तळावरचा सार्जंट, वडगावच्या मागावरचा जॉबर, कुणीही असो, त्याला आधी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवत. खुर्ची एकच, तीत मालक. मग प्रश्न. घरात माणसं किती? पाहुणे किती? गावाकडची किती आणि राहतात किती? गणपती किती दिवसांचा? रात्री मिरच्या कुटायची सवय आहे का? धुळवड खेळता की रंगपंचमी? हा प्रश्न बाहेरच्याला चक्रावून टाकी. बेळगाव शहरात रंग धुळवडीला आणि शहापूर-वडगावात रंगपंचमीला खेळतात, ही संस्थानी काळापासूनची रीत. जो दोन्हीकडे खेळेल त्याची पोरं ओटा दोनदा रंगवणार आणि आडाचं पाणी दोनदा उपसणार, हा मालकांचा साधा हिशेब.

आडनावावरून भागलं नाही तर ते आईचं माहेर विचारत, माहेरावरून भागलं नाही तर मटणाचं दुकान जवळ आहे हे सांगून चेहरा बघत. या चौकशीला गल्लीनं 'मालकांची चौकसबुद्धी' असं गोंडस नाव दिलं होतं. तिचा खरा हेतू विचारणाऱ्याला ठाऊक असे आणि पायरीवरच्यालाही. बाकी सगळ्याचं हसू येतं, या एका गोष्टीचं मला कधी आलं नाही. पाटीवर लिहायची चोरी झाली म्हणून तोंडी विचारणं गावात थांबलेलं नाही.

परीक्षेत पास झालेल्याला नियम ऐकवत. भिंतीला खिळा मारायचा नाही. हा पहिला, आणि मधूनमधूनही हाच. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधायचं, देव फळीवर, आरसा टेबलावर. एका शिक्षकानं लग्नाचा फोटो लावायला खिळा ठोकला, तर मालक हातोडीच्या दुसऱ्या ठोक्याला दारात हजर. "मास्तर, लग्न तुमचं, भिंत माझी." फोटो पुढं चार वर्षं गादीखाली होता.

पावती मात्र कधी दिली नाही. "विश्वास नाही काय?" असं म्हटलं की समोरचा ओशाळे. करारनामा तर लांबच. स्टॅम्प पेपर म्हटलं की मालक खानापूरकडे बोट करत. तेलगी तिथला. "आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं देशाला खोटे स्टॅम्प पेपर पुरवले. आणि तुम्ही त्या कागदावर विश्वास ठेवता, माझ्यावर नाही?" यावर वकिलालाही उत्तर सुचत नसे.

विश्वासाचा हा कारभार एकदाच आडवा आला, तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत. तिथला भाडेकरू मालकांच्या वडिलांनी ठेवलेला. भाडं पंचाऐंशी रुपये. ते वाढवा म्हटलं की तो १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम म्हणून दाखवी, तेही मालकांच्याच ओट्यावर बसून. मालकांनी दावा घातला. दावा चालू असतानाच कायदा बदलला. नवा भाडे कायदा २००१ च्या शेवटच्या दिवशी लागू झाला. त्यानं जास्त भाड्याची घरं आपल्या कक्षेतून सोडून दिली, पण पंचाऐंशी रुपयेवाला कसला सुटतोय! पुढं २००४ साली महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न घेऊन सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा मालकांना केवढा धीर आला. "आमचा दावा सरकारच्या आधीचा," ते अभिमानानं सांगत. आता दोघांच्याही तारखा पडतात. मधल्या काळात त्या भाडेकरूच्या मुलांनी भाग्यनगरात दोन फ्लॅट घेतले आणि भाड्यानं दिले. त्यातला एक जण घर सोडेना, तेव्हा म्हातारा काठी टेकत मालकांकडेच आला. "मालक, भाडेकरूला बाहेर काढायचं कसं, तुम्हाला अनुभव आहे म्हणून विचारतो." मालकांनी तासभर सल्ला दिला. खोली काही परत मागितली नाही, ते विसरलेच. धंदेबंधू भेटल्याचा आनंद मोठा होता.

मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी वरची मोठी खोली 'लीज'वर दिली. आपल्याकडे ही पद्धत बरीच चालते. एकरकमी पैसे घ्यायचे, तीन वर्षं भाडं शून्य, मुदत संपली की रक्कम परत. बँकेत व्याज बरं होतं तोवर मालक लोक बसल्या जागी खात. आमच्या मालकांनी ती रक्कम बँकेत न ठेवता मांडवात ठेवली. त्यामुळे एक लीजवाला जायचा तर दुसरा पैसे मोजत दारात उभा लागे. एकदा दोघांत चार दिवसांचं अंतर पडलं. ते चार दिवस मालक खुर्चीत दिसले नाहीत.

ती मुलगी दिली निपाणीत. व्याह्यांची तंबाखूची वखार. १९८१ साली तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या मागं उभं राहून हायवे अडवला, त्या काळात निपाणीत वखारवाल्याचा रुबाब घरमालकापेक्षा मोठा. व्याही अजून म्हणतात, "तंबाखूसारखा भाडेकरू नाही. पाणी मागत नाही, पाहुणे आणत नाही, पावसाळ्यात गळलं तर तेवढी ओरड." पुढं विडीचा धंदा बसत गेला, वखारीचा एक भाग रिकामा पडला, आणि व्याह्यांनी तिथं पार्टिशन घालून पोरांना खोल्या दिल्या. देवचंद कॉलेजची पोरं. हे कॉलेज सगळे निपाणीचं म्हणतात, पण ते आहे अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पोरगं झोपतं कर्नाटकात, हजेरी देतं महाराष्ट्रात, चालतच. पहिल्या पावसात ओल धरली आणि भिंतींनी चाळीस वर्षांचा वास एकदम सोडला. बारा पोरं शिंकत बाहेर आली. व्याह्यांचं म्हणणं, सवय होईल. मालकांचं म्हणणं, खिळा मारू दिला असणार, भिंत चिडते.

दर रविवारी दोघांचा फोन असतो. कुणाचं जास्त वाईट चाललंय यावर चढाओढ. गेली दोन-तीन वर्षं मालक जिंकताहेत.

त्याची सुरुवात विजेपासून झाली. घराला हेस्कॉमचा मीटर एकच, मालकांच्या नावाचा. प्रत्येक बिऱ्हाडाला सबमीटर, आणि युनिटचा दर मालकांनी लावलेला: सरकारी दर, अधिक जिन्यातला दिवा, अधिक 'वर-खाली'. या वर-खालीत वर काय आणि खाली काय हे कुणी विचारलं नव्हतं. २०२३ च्या ऑगस्टपासून गृहज्योती आली. महिन्याला दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट, भाडेकरूंनाही. पण एका मीटरमागं चार बिऱ्हाडं म्हणजे दोनशेचा आकडा दहा तारखेलाच ओलांडणार, आणि ओलांडला की पूर्ण बिल. सारी गल्ली शून्य रुपयाचं बिल मिरवत होती आणि या एका घरात वर-खाली चालूच. शेवटी वरची नर्सबाई जिना उतरून आली. "मालक, मला माझा मीटर पाहिजे, माझा आरआर नंबर."

या घरात 'माझा' हा शब्द तोवर एकच माणूस वापरत असे.

मग नवे मीटर, वायरिंगचा ठेकेदार, हेस्कॉमच्या ऑफिसात फेऱ्या. सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज भरायचा तर भाडेकरूला करारनामा लागतो, म्हणजे स्टॅम्प पेपरही आलाच. तोही अकरा महिन्यांचा. वर्षाच्या वर गेलं की नोंदणी करावी लागते. मालकांनी आयुष्यातली पहिली सही भाडेकरूशेजारी बसून केली, आणि खुर्ची एकच असल्यामुळे दोघांनाही पायरीवर बसावं लागलं.

तेवढ्यात शक्ती योजनेनं दुसरा टोला दिला. जून २०२३ पासूनच कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली होती. मागच्या दोन खोल्यांत खानापूर आणि बैलहोंगलकडच्या कॉलेजच्या मुली असत. त्यांनी हिशेब केला: खोलीचं भाडं, खानावळ, वर मालकांचे नियम, त्यापेक्षा रोज घरी जाऊन आईच्या हातचं जेवलेलं काय वाईट? दोन्ही खोल्या एका आठवड्यात रिकाम्या. मालक सरकारवर एवढे कधी चिडले नव्हते, छप्पन सालीही नाही. "बस फुकट देतात, मग खोली पण फुकट द्या म्हणावं!" मग स्वतःच घाबरून म्हणाले, "हळू बोला, ऐकतील."

पण माणूस मुळात हिशेबनीस. रात्री विचार करून त्यांनी तोड काढली. फुकट बस आधार कार्डावर कर्नाटक असेल तर. म्हणजे ज्यांचं आधार महाराष्ट्राचं किंवा गोव्याचं, त्यांना बस परवडत नाही आणि खोली लागते. चंदगड, आजरा, सावंतवाडी, साखळी. "आता भाडेकरू सीमेपलीकडचाच घ्यायचा," त्यांनी जाहीर केलं. सीमाप्रश्नाचा असा उपयोग महाजन आयोगालाही सुचला नसेल.

सीमेपलीकडची माणसं यायची तर एजंट हवा. पूर्वी मालक एजंटाला बोळात पाऊल टाकू देत नसत. आता जो आला तो पंचविशीतला, हातात दोन मोबाइल, बोलताना एकाकडेही बघायचा नाही. त्यानं खोलीच्या कोपऱ्यात उकिडवं बसून फोटो काढले. त्या फोटोत खोली एवढी मोठी दिसली की मालकांनी तिथल्या तिथं भाडं पाचशेनं वाढवायचं ठरवलं. पोरगा म्हणाला, "वाढवा की. पण आधी वाय-फाय, गीझर, कमोड आणि दोन गाड्यांचं पार्किंग." मालक म्हणाले, "गाडी नाही त्याला खोली देऊ." पोरगा म्हणाला, "गाडी नसलेला माणूस आता आणायचा कुठून?"

गीझर आला. कमोड आला, त्याच्या उद्घाटनाला मालकांनी नारळ फोडायचं तेवढं बाकी ठेवलं. तुळशीकट्ट्याला खेटून पार्किंगचे पिवळे पट्टे आले. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधचं अधिवेशन भरतं, हॉटेलं तुडुंब होतात, म्हणून एक खोली आमदाराच्या कुणा माणसासाठी राखून ठेवायचाही बेत झाला. दोन आठवड्यांसाठी उरलेले पन्नास आठवडे खोली रिकामी ठेवायची, हे बायकोनं मोजून दाखवल्यावर तो बारगळला.

लोक येऊ लागले, पण तऱ्हा उलटी. येणारा उभ्यानं बोले, मालकांनाच प्रश्न विचारी. पाण्याला प्रेशर आहे? नेट कुणाचं? रात्री गेट बंद होतं का? ओल धरते का? एका पोरानं नळ सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच: "ओनर कुठं राहतात?" मालक छातीवर हात ठेवून "इथंच की!" म्हणत. पूर्वी हे ऐकून बायामाणसांना आधार वाटे. आता लोक "कळवतो" म्हणून जात आणि कळवत नसत.

"मालक, राग मानू नका," एजंट एके दिवशी म्हणाला, "खोलीत फॉल्ट नाही. फॉल्ट तुम्ही आहात."

"म्हणजे?"

"म्हणजे हल्ली कुणाला डोक्यावर मालक नको असतो. जाहिरातीत लिहूया, मालक इथे राहत नाहीत. पार्टी येईल तेवढा वेळ तुम्ही चौकात जाऊन बसा."

ज्या घरात त्यांचा पाळणा बांधला त्या घरातून मालकांना भाडेकरू येण्याच्या वेळी बाहेर जावं लागलं. नाथ पै चौकात चहाच्या गाड्यापाशी उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "जरा पाय मोकळे करालोय." खुर्ची एजंटानं आत नेऊन ठेवली होती. जिन्याच्या तोंडाशी तेवढी जागा उजळ दिसत होती, पन्नास वर्षांत तिथं ऊन पडलं नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वेळेला त्यांना राहवलं नाही. ते मागच्या दारानं आत आले आणि आडापाशी बादली घेऊन उभे राहिले. पार्टी म्हणजे चंदगडची एक मुलगी. उद्यमबागेत एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करायची तिची नोकरी. तिनं टेप काढून खोलीची लांबी-रुंदी घेतली, जाहिरातीतला फोटो बघितला, एजंटाकडे बघितलं. एजंटाला नेमका तेव्हाच फोन आला आणि तो बोळात गेला. मुलगी आडाकडे वळली.

"काका, तुम्ही इथं राहता?"

"होय की."

"मालक कसे आहेत ओ?"

मालक क्षणभर गप्प. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर द्यायला त्यांच्याइतका माहीतगार माणूस शहापुरात नव्हता.

"माणूस भला," ते सांभाळून म्हणाले. "तोंडानं जरा आहे."

"सारखे येऊन बघतात काय? माझ्या आधीच्या घरी मालकीणबाई फ्रिज उघडून बघायच्या."

"छे छे. फ्रिज नाही. भिंत बघतो." आणि मग त्यांना थांबवेना. "खिळा मारू देत नाही. पन्नास वर्षांत एक खिळा नाही. एका मास्तराचा लग्नाचा फोटो गादीखाली ठेवायला लावला, सांगा! आता अशा भिंती घेऊन काय करायचंय त्याला? वर घेऊन जाणाराय काय?"

"मग तुम्ही कसे राहिलात एवढी वर्षं?"

"जाणार कुठं?" मालक म्हणाले. "सवय झाली."

मुलीला माणूस आवडला. तिनं आवाज खाली करून विचारलं, "डिपॉझिट पन्नास हजार म्हणतात. कमी करतील काय?"

इथं त्यांनी खरं तर आत जायला हवं होतं. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव ओठांवर आलेला. कपाटात कोर्टाच्या कागदांखाली २०२१ सालचं एक कात्रण त्यांनी भाडेकरूंच्या नजरेला पडू नये म्हणून दडवलं होतं. त्यातला शब्द न शब्द त्यांना पाठ. "त्याला सांगायचं, केंद्र सरकारनं आदर्श भाडेकरू कायदा केलाय. त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोनच महिन्यांचं. राज्यानं लागू केल्याशिवाय तो चालत नाही, पण ते तू बोलू नकोस. नुसता कायदा म्हणायचं. तो कायद्याला फार भितो. आणि गीझरचा खर्च सांगायला लागला तर म्हणायचं, मी गार पाण्यानं आंघोळ करते."

मुलीनं सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. जाताना म्हणाली, "बरं झालं तुम्ही भेटलात. तुमच्यासारखे शेजारी असतील तर मालकाचं बघून घेऊ."

संध्याकाळी खुर्ची परत जिन्याच्या तोंडाशी आली होती. एजंटाचा फोन आला. पार्टीला खोली पसंत आहे, एक तारखेला येते म्हणते. फक्त डिपॉझिट दोन महिन्यांचंच देणार. काहीतरी आदर्श कायदा सांगायलीय. आणि एक खिळा मारणार म्हणते, आधीच सांगून ठेवते.

मालक खुर्चीत ताठ झाले.

"एवढी पोरगी, चंदगडची," ते कडाडले, "तिला हे शिकवलं कुणी?"